तळघर राहते करताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरबांधणीच्या या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तळघरासंबंधीची पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. वर जागा अपुरी पडू लागली की आजवर अडगळ ठेवलेल्या तळघराकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. बहुतेकांनी विचारले आहे ते मात्र रंग, फरशी आणि छतातील दिवे यांविषयी, म्हणजे जे काम सर्वांत शेवटी करायचे त्याविषयी. म्हणून पत्रांचा क्रम आम्ही थोडा बदलला आहे.

प्रश्न : आमच्या तळघराच्या एका भिंतीला जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत पांढरा लोणा लागला आहे आणि रंगाचे पोपडे सुटतात. पाणी साचलेले मात्र कधीच दिसत नाही. आतून वॉटरप्रूफिंगचा थर देऊन त्यावर जिप्सम बोर्ड लावले की प्रश्न मिटेल, असे ठेकेदाराचे म्हणणे आहे. एवढ्यावर भागेल का?

उत्तर : भागणार नाही. भिंतीतून झिरपणारे पाणी विटांतले, चुन्यातले आणि सिमेंटमधले क्षार विरघळवून सोबत आणते. पृष्ठभागावर आल्यावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. तोच लोणा. पाणी साचत नाही याचा अर्थ ते येत नाही असा नसून, ज्या वेगाने येते त्याच वेगाने वाळून जाते, एवढाच आहे. त्यावर बोर्ड ठोकले की वाळणे थांबते, येणे थांबत नाही. शिवाय जिप्सम बोर्डाच्या दोन्ही अंगांना सहसा कागद असतो. बोर्ड आणि भिंत यांच्यामधल्या अंधाऱ्या, दमट पोकळीत बुरशीला वाढायला हा कागद पुरतो, आणि ती वाढते आहे हे तुम्हाला कळते ते बोर्डाच्या बाहेरच्या अंगावर डाग उमटल्यावर.

तेव्हा प्रथम पाणी कोणते ते ओळखावे. भिंतीच्या संपूर्ण लांबीवर जवळजवळ एकाच उंचीचा पट्टा असेल, तर ते पायातून केशाकर्षणाने, म्हणजे विटांतल्या सूक्ष्म छिद्रांतून आपोआप, वर चढणारे पाणी असण्याची शक्यता जास्त. एखाद्या कोपऱ्यात, पाइप भिंतीतून आत येतो तिथे किंवा भिंत आणि फरशीच्या सांध्याशी पाऊस पडल्यावर काही तासांत डाग गडद होत असेल, तर तो बाहेरून होणारा पाझर आहे. आणि भिंतभर बारीक थेंब जमत असतील, थंड पाण्याच्या पाइपावरही जमत असतील, तर ते पाणी मातीतले नसून खोलीच्या हवेतले आहे. शंका राहिली तर साधी परीक्षा करावी. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा सुमारे दोन फूट लांबीरुंदीचा तुकडा भिंतीवर आणि तसाच एक जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि किमान एक दिवस, शक्यतो दोन दिवस, तसाच राहू द्यावा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव जमले किंवा खालचा भाग काळवंडला, तर ओल भिंतीतून येते. प्लास्टिक बाहेरून ओले आणि आतून कोरडे राहिले, तर दोष हवेचा. ही परीक्षा कोरड्या दिवसांत करून निर्धास्त होऊ नये. ती भर पावसात, माती पाण्याने भरलेली असताना करावी.

पाझर निघाला तर उपाय घराबाहेर सुरू होतो, आणि आश्चर्य म्हणजे त्यातला मोठा भाग स्वस्त असतो. 100 चौरस मीटर छपरावर 10 मिलिमीटर पाऊस पडला की 1000 लिटर पाणी गोळा होते. ते पन्हळीतून उतरून पायाच्या मुळाशीच सांडत असेल, तर आत कितीही थर दिले तरी ते अपुरेच पडतील. पन्हळीच्या पाण्याचा पाइप भिंतीपासून दोन-तीन मीटर लांब न्यावा. घराभोवतीची जमीन भिंतीकडून बाहेर उतरती असावी. पहिल्या 3 मीटरमध्ये निदान 15 सेंटिमीटर उतार हा चांगला दंडक आहे. भिंतीला लागून केलेले फुलझाडांचे वाफे आणि त्यांना रोज घातले जाणारे पाणी हेही या हिशेबात धरावे.

एवढे करूनही पाझर उरला तर खर्चाचे काम येते. भिंतीच्या बाहेरची माती उकरून बाहेरून मेंब्रेन, म्हणजे पाणी रोखणारा पडदा, लावणे आणि पायाशी खडीत गुंडाळलेला सच्छिद्र पाइप टाकून पाणी दूर काढून देणे, हा खरा उपाय. बाहेरच्या थराला पाणी भिंतीवर दाबून धरते. आतल्या थराला तेच पाणी भिंतीपासून सोडवायला बघते. मातीत साचलेले पाणी तळापासून एक मीटर उंच असेल, तर तळाशी दर चौरस मीटरला जवळपास एक टन दाब असतो, आणि आतून फासलेला रंग त्यापुढे टिकत नाही. शेजारचे घर चिकटून असल्यामुळे बाहेरून उकरणे शक्यच नसेल, तर आतल्या कडेने चर काढून पाणी एका संपमध्ये, म्हणजे जमिनीत घेतलेल्या लहान खड्ड्यात, गोळा करावे आणि पंपाने बाहेर टाकावे. यात पाणी अडवले जात नाही, त्याला फक्त वाट दिली जाते. पंप मात्र वीज गेल्यावरही चालेल असा, म्हणजे बॅटरीवरचा दुसरा पंप जोडलेला असावा, कारण मुसळधार पाऊस आणि वीज जाणे या गोष्टी सहसा एकत्रच येतात.

ठेकेदाराला आज होकार न देता एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. भिंतीवर ओलीची कड पेन्सिलीने आखून शेजारी तारीख घालावी, आणि भेग दिसली तर तिच्याही दोन्ही टोकांना खूण करावी. सुतासारख्या उभ्या भेगा बहुधा काँक्रीट आकसल्याच्या असतात आणि त्यांचे फारसे भय नसते. भिंतीच्या मध्याजवळून आडवी गेलेली भेग आणि सोबत आत फुगलेली भिंत हे मातीच्या दाबाचे लक्षण आहे. तिथे रंगारी किंवा गवंडी नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा, आणि तो येईपर्यंत बाकीचे कोणतेही काम सुरू करू नये.

प्रश्न : आमचे तळघर बाहेरून पक्के आहे, पाझर नाही, तरी पावसाळ्यात कुबट वास येतो आणि कपाटामागे बुरशी धरते. हवा खेळती राहावी म्हणून आम्ही खिडक्या दिवसभर उघड्या ठेवतो. तरीही फरक का पडत नाही?

उत्तर : त्या खिडक्यांमुळेच ओल वाढत असावी. जमिनीखालच्या भिंतींचे तापमान मातीच्या तापमानाशी बांधलेले असते आणि उष्ण, दमट दिवसांत ते बाहेरच्या हवेपेक्षा कमी असते. बाहेर 30 अंश सेल्सिअस तापमान आणि 80 टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर त्या हवेतील बाष्पाचे सुमारे 26 अंशांवर पाणी होऊ लागते. तुमची भिंत 24 अंशांची असेल तर आत येणारी प्रत्येक झुळूक तिच्यावर थोडे पाणी ठेवून जाते. कपाटामागे हवा हलत नाही आणि तिथली भिंत आणखी थंड राहते, म्हणून बुरशी तिथे आधी धरते.

दमट दिवसांत खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढून घेणारे यंत्र, चालवावा आणि साधा आर्द्रतामापक भिंतीशी टांगून सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहते का ते पाहावे. 60 च्या वर ती दिवसच्या दिवस राहू देऊ नये. यंत्राच्या टाकीतले पाणी हाताने ओतण्याचा उत्साह पहिल्या आठवड्यातच संपतो, म्हणून त्याची नळी थेट मोरीत किंवा संपमध्ये सोडावी. बाहेरची हवा कोरडी आणि थंड असेल तेव्हा खिडक्या अवश्य उघडाव्यात. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून 5 ते 8 सेंटिमीटर पुढे ओढून ठेवावीत. ओले कपडे खाली वाळत घालत असाल तर ते आधी बंद करावे. धुण्याच्या एका खेपेतून काही लिटर पाणी हवेत जाते.

प्रश्न : मुलगा मोठा झाला आहे आणि त्याला स्वतंत्र खोली हवी आहे. तळघरात त्याची निजण्याची खोली करण्याचा विचार आहे. खाली उतरायला एकच जिना आहे आणि छताजवळ दोन लहान झरोके आहेत. काही हरकत आहे का?

उत्तर : आज आहे त्या स्थितीत मोठी हरकत आहे. अभ्यासाची खोली, वाचनाची खोली, व्यायामाची जागा यांत माणूस जागा असतो. निजण्याच्या खोलीत त्याला धोका उशिरा कळतो. जिन्याशी आग लागली तर तुमच्या मुलाला बाहेर पडायला दुसरी वाट नाही, आणि धूर व उष्णता जिन्याच्या पोकळीतूनच वर चढत असल्यामुळे ही पहिली वाटच सर्वांत आधी निकामी होते.

अनेक ठिकाणच्या नियमांत तळघरातील निजण्याच्या खोलीला म्हणूनच थेट बाहेर उघडणारी सुटकेची खिडकी किंवा दार सक्तीचे असते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांनी आधार मानलेल्या निवासी बांधकाम संहितेत अशा खिडकीचे माप दिले आहे : उघडल्यावर मोकळी जागा साधारण 0.53 चौरस मीटर, रुंदी किमान 51 आणि उंची किमान 61 सेंटिमीटर, आणि खालची कड जमिनीपासून 112 सेंटिमीटरहून वर नाही. खिडकीबाहेर जमिनीत खड्डा घ्यावा लागत असेल, तर माणूस त्यात उभा राहून वर चढू शकेल एवढा तो मोठा हवा आणि खोल असल्यास त्याला कायमची शिडी हवी. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, आणि काही ठिकाणी तर तळघरात राहण्यास मुळातच मनाई असते; पण नियम काही न बोलले तरी ही मापे समोर ठेवून तुमच्या झरोक्याची पट्टी लावून पाहावी. खिडकीला गज असतील तर ते आतून, किल्लीशिवाय, अंधारात उघडता आले पाहिजेत.

दुसरे भय पाण्याचे. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाच्या उरलेल्या पावसाने न्यूयॉर्क शहरात तळघरांतील घरांत अकरा माणसे दगावली. 27 जुलै 2024 रोजी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्र नगर भागात एका शिकवणी वर्गाच्या तळघरातील वाचनालयात पाणी घुसून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. अशा घटनांत लोक बाहेर का पडू शकत नाहीत, याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. 90 सेंटिमीटर रुंद दारामागे 60 सेंटिमीटर पाणी उभे राहिले की दारावर दीडशे किलोहून अधिक भार येतो. ज्या दाराला पाण्याच्या दिशेने ढकलायचे आहे ते एकटा माणूस उघडू शकत नाही. घर सखल भागात असेल, रस्त्यावर कधी ना कधी गुडघाभर पाणी आले असेल, तर तळघरात कुणाला निजवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरी खिडकी पाडूनही हा धोका जात नाही, कारण पुरात त्या खिडकीचा खड्डाच आधी भरतो.

घर उंचावर असेल, सुटकेची खिडकी होत असेल, तर करावी. मग तळघरात आणि जिन्याच्या माथ्यावर एकमेकांना जोडलेले धूरसूचक बसवावेत. खाली किंवा शेजारच्या गाडीघरात गॅसवर चालणारे गीझर, शेगडी वा जनरेटर असेल तर कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा सूचकही हवा, कारण या वायूला वास नसतो. द्रवरूप गॅसचे सिलिंडर तळघरात कधीच ठेवू नयेत. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो वर न जाता जमिनीलगत साठतो आणि विजेच्या बटणाची एक ठिणगी त्याला पुरते.

प्रश्न : तळघरात रेडॉन नावाचा वायू साठतो असे वाचले. ही भीती कितपत खरी आहे?

उत्तर : खरी आहे, पण ती जागेगणिक बदलते. माती आणि खडकातील युरेनियमच्या क्षयातून रेडिअम आणि त्यातून रेडॉन तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो फरशीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून आत येतो. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते महत्त्वाचे कारण मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी दर घनमीटरला 100 बेकरेल (किरणोत्साराचे एकक) ही संदर्भ पातळी सुचवली असून, ती शक्य नसेल तिथेही 300 ची मर्यादा ओलांडू नये असे म्हटले आहे. शेजारच्या घरातला आकडा तुमच्या उपयोगाचा नाही, मोजणी तुमच्याच तळघरात करावी लागते. खिडक्या बंद ठेवून दोन-तीन दिवसांची चाचणी अंदाज देते, तीन महिन्यांहून अधिक काळाची चाचणी अधिक भरवशाची असते. पातळी जास्त निघाली तर फरशीखालच्या खडीत पाइप घालून पंख्याने ती हवा छपराच्या वर सोडतात. नवी फरशी घालणारच असाल तर हा पाइप त्याच वेळी टाकून ठेवावा.

प्रश्न : आमच्या तळघराची उंची जेमतेम सात फूट आहे आणि मधोमध एक तुळई आणखी खाली येते. जमीन फूटभर खोदून उंची वाढवता येईल का?

उत्तर : येईल, परंतु तळघरातल्या सर्व कामांत हे सर्वांत धोक्याचे काम आहे, हे आधी लक्षात घ्यावे. पायाच्या खालची माती दोन्ही बाजूंनी दाबलेली असते म्हणून ती घराचा भार पेलते. आतली माती काढली की तिचा एका बाजूचा आधार जातो. पायाच्या तळाच्या खाली खोदायचे झाले, तर पायाला खालून नवा आधार द्यावा लागतो आणि तोही साधारण मीटरभर लांबीच्या, एकमेकांपासून दूर असलेल्या तुकड्यांत, एक तुकडा पक्का झाल्यावर दुसरा, अशा रीतीने. इंजिनिअरच्या आराखड्याशिवाय आणि देखरेखीशिवाय मजूर लावून सलग खोदाई करणे म्हणजे वरचे घर पणाला लावणे होय.

दुसरी बाब सहसा कुणी सांगत नाही. जमीन खाली नेली की तुम्ही भूजलाच्या जवळ जाता. फरशीच्या तळापासून 30 सेंटिमीटर उंच पाणी उभे राहिले, तर ते फरशीला दर चौरस मीटरला 300 किलोने वर ढकलते, आणि 10 सेंटिमीटर जाडीच्या साध्या काँक्रीटचे वजन त्याच जागेत सुमारे 240 किलोच भरते. अशी फरशी उचलली जाते किंवा तडकते. खोदाईपूर्वी भर पावसाळ्यात पाण्याची पातळी किती वर येते, हे पाहिलेच पाहिजे.

माझ्या मते तुम्ही खोदू नये. खोटे छत न लावता स्लॅबचा तळ स्वच्छ करून पांढरा रंगवावा, वायरिंग उघड्या पाइपांतून भिंतीच्या कडेने न्यावे, आणि तुळईखाली वावर होणार नाही अशी मांडणी करावी. तिथे पुस्तकांची मांडणी किंवा बैठे आसन चालते. खोट्या छतात आणि जाड फरशीत मिळून सहज 15 सेंटिमीटर उंची जाते, ती अशी वाचते.

प्रश्न : तळघरात शौचालय आणि न्हाणीघर करायचे आहे. मैल्याची बाहेरची वाहिनी तळघराच्या जमिनीपेक्षा वर आहे. प्लंबर म्हणतो, होईल.

उत्तर : होईल, पण उताराने नव्हे. खाली बंद टाकी घेऊन त्यातला मैला दळून वर ढकलणारा पंप बसवावा लागेल. टाकीला स्वतंत्र हवावाहिनी हवी आणि पंपाच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे वर गेलेला मैला मागे येऊ न देणारी झडप, हवा. पंप बंद पडल्यास शौचालय वापरता येणार नाही, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असावे.

वाहिनी खाली असलेल्या घरांनाही एक इशारा. मुसळधार पावसात सार्वजनिक वाहिनी तुंबली की तिच्यातले पाणी मागे फिरते आणि घरातल्या सर्वांत खालच्या तोंडातून, म्हणजे तळघरातल्या मोरीतून वा भांड्यातून, वर येते. त्यासाठी बाहेर जाणाऱ्या पाइपावर उलट प्रवाह रोखणारी झडप बसवतात. तिला कचरा अडकतो, म्हणून तिच्यापर्यंत हात पोहोचेल असे झाकण ठेवावे आणि पावसाळ्यापूर्वी ती उघडून साफ करावी. फरशीखाली पुरलेली, कुणाला न दिसणारी झडप असून नसल्यासारखी.

प्रश्न : ओल नाही, उंची आहे, दोन वाटा आहेत. आता फरशी आणि भिंती कशाच्या कराव्यात? लाकडी जमीन करण्याची पत्नीची फार इच्छा आहे.

उत्तर : मातीला टेकलेल्या काँक्रीटवर खरे लाकूड फुगते आणि वाळवीलाही आमंत्रण मिळते, तेव्हा ती इच्छा लाकडासारख्या दिसणाऱ्या फरशीवर भागवावी. भाजलेल्या मातीच्या किंवा दगडी फरशा सर्वांत निर्धोक, कारण त्या भिजल्या तरी पुसून वाळतात. पायाला थंड लागतात, तिथे सुटी सतरंजी टाकावी, जी उचलून उन्हात टाकता येते; चिकटवलेला गालिचा टाळावा. नवे काँक्रीट टाकले असेल तर ढोबळ दंडक असा की दर 25 मिलिमीटर जाडीला एक महिना वाळू द्यावे, म्हणजे 10 सेंटिमीटरला चार महिने. त्याआधी व्हिनाइलसारखे हवाबंद आवरण चिकटवले की खालचा ओलावा डिंक सोडवतो आणि कडा वर येतात.

भिंतींना उष्णतारोधक थर द्यायचा असल्यास फोमचे ताठ पत्रे काँक्रीटला घट्ट चिकटवावेत, म्हणजे दमट हवा थंड भिंतीपर्यंत पोहोचत नाही. काचतंतूंच्या गाद्या थेट भिंतीला लावू नयेत, त्या ओल धरून ठेवतात. फोम जळतो, म्हणून तो उघडा न ठेवता त्यावर जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड हवाच. बोर्डाची खालची कड फरशीपासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर वर ठेवून फट पट्टीने झाकावी, म्हणजे कधी पाणी सांडले तरी बोर्ड ते शोषणार नाही. विजेची बटणे आणि प्लगच्या जागा नेहमीपेक्षा वर घ्याव्यात, वितरण पेटी वरच्या मजल्यावर ठेवावी आणि तळघराच्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावा. बोर्ड ठोकण्याआधी प्रत्येक भिंतीचे, पाइपांचे आणि वायरींचे छायाचित्र शेजारी मोजपट्टी धरून काढून ठेवावे. पुढे कुठे खिळा मारायचा किंवा कुठे उघडायचे, हे त्यावरून सांगता येते.